सहाजणी बसल्याशिवाय

आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच लोकांना अजून वाटतं की मी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरींची स्वयंपाकीण आहे. काहींना वाटतं, मी त्यांच्यातल्याच कुणाची तरी आई आहे, लेकीला सोडायला गावाहून आले आणि परत जायचं विसरले. सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "काय मावशी, तुमचं कॉलेज कसं चाललंय?" ते चेष्टेनं विचारतात हे मला कळतं. तरी बरं वाटतं. मी सातवीनंतर शाळा सोडलेली बाई. माझं कॉलेज आहे असं चेष्टेत तरी कुणी म्हणतंय.

माझ्या ओळखपत्रावर 'निवास सहायक' असं छापलंय. ते पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी कॉलेजच्या मॅडमना परत द्यायला गेले होते. म्हणलं, हे दुसऱ्या कुणाचं दिसतंय, फोटो तेवढा माझा लागलाय. मॅडम हसल्या आणि त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. आजही कुणी गणवेशातला माणूस समोरून आला की माझा हात आधी त्या कार्डाकडं जातो.

मी हिंगोली जिल्ह्यातली, कळमनुरीकडची. नवऱ्याला कामणला गोदामात काम लागलं म्हणून वसईला आले. सुरुवातीला मला इथलं काहीच जमेना. पापड वाळत नाही, मीठ सुटं राहत नाही, शेजारी काय बोलतात ते अर्धं कळतं. दिवसभर खोलीत बसून मी गावाकडचे फोन करायचे आणि फोन ठेवला की रडायचे. अशात मॅडमनी मला कामावर घेतलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "घरापासून लांब राहायची सवय झाली का?" मी म्हणलं, नाही झाली. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच पाहिजेत."

आता काम काय ते सांगते. आमची इमारत उमेळ्याच्या बाजूला आहे. पूर्वी इथं केळीच्या आणि फुलांच्या वाड्या होत्या, आता कंपाउंडच्या कडेला चाफ्याची चार झाडं उरलीत. इथले काही फ्लॅट एका इंजिनिअरिंग कॉलेजनं घेतलेत आणि त्यात फक्त पहिल्या वर्षाच्या मुली ठेवल्यात. एका फ्लॅटमध्ये सहाजणी. पहिल्या वर्षाला सगळ्यांना सारखेच विषय असतात, पुढं कॉम्प्युटर करणारी असो की सिव्हिल. तर ह्या सहाजणी वर्गात एका तुकडीत, प्रयोगशाळेत एका टेबलाला आणि घरी एका सतरंजीवर. मॅडम स्वतः केमिस्ट्री शिकवतात आणि पहिल्या मजल्यावर कुटुंबासकट राहतात. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या वर्षाचं मूल अभ्यासामुळं बुडत नाही, एकटं पडल्यामुळं बुडतं. म्हणून त्यांनी एक नियम घातलाय. चहा झाला की हॉलमध्ये सतरंजी घालायची आणि सहाजणी बसल्याशिवाय कुणी पुस्तक उघडायचं नाही. एखादी आंघोळीला गेली, फोनवर अडकली, तर बाकीच्यांनी तिची वाट बघत बसायचं.

ही वाट बघायला लावणं हे माझं काम. म्हणजे सतरंजी झटकायची, कोण आली नाही ते बघायचं, तिला हाक मारायची, ती रडत असेल तर दाराबाहेर उभं राहून काही तरी फालतू बोलत राहायचं. "अगं, तुझा टॉवेल खाली पडला होता, मी उचलून ठेवला." टॉवेल पडलेला नसतो. पण टॉवेलचं ऐकून लेकरू नाक पुसतं आणि बाहेर येतं. बाकी मग गॅस बंद आहे का, पाणी आलं का, किल्ली कुणाकडं आहे. किल्ल्यांची तर मला इतकी काळजी की मी झोपेत त्या मोजते असं आमचे हे म्हणतात.

पोरी एकेक नमुन्याच्या येतात. एकीला बारावीला ढीगभर मार्क होते आणि ती कुकरला घाबरायची. कुकरमध्ये पाणी उशिरा का उकळतं हे तिनं मला छान समजावून सांगितलं, पण दाराच्या आड उभं राहून. दुसरी एक जेवायच्या आधी ताटाचा फोटो आईला पाठवायची. मग तिच्या आईचा मला फोन. "मावशी, आज वरण पातळ दिसतंय." मी घाबरून डाळ वाढवली, तर बाकीच्या पाचजणी म्हणाल्या, "मावशी, वरण आहे की पिठलं?" शेवटी मॅडमनी त्या पोरीला फोटो बंद करायला लावले, तेव्हा कुठं आमच्या वरणाला स्वास्थ्य मिळालं.

सुरुवातीच्या वर्षी मॅडमनी मलाही अभ्यासात ओढलं होतं. म्हणाल्या, "जे शिकलात ते मावशींना समजावून सांगा. मावशींना कळलं तरच तुम्हाला आलं." पोरी येऊन सांगायच्या. मी मान हलवायचे. एकदा मॅडम मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय कळलं, सांगा." मी म्हणलं, "पोरगी लई मनापासून सांगत होती, एवढं कळलं." तो प्रयोग तिथंच संपला.

पण मला सांगायचंय ते दर्शनाबद्दल. ती पोरगी चांदीपची. म्हणजे आमच्या इमारतीत सगळ्यात जवळून आलेली. बाकीच्या चिपळूणहून, नाशिकहून, कुठून कुठून आलेल्या, त्या चार दिवस रडल्या आणि रुळल्या. ही रुळेना. मला कारण कळत होतं. माझं गाव इतकं लांब की जायचं म्हणलं तरी जाता येत नाही, म्हणून मनाला गप्प बसावं लागतं. हिच्या गावची बस विरारहून सुटते. मनात आलं की जाता येतं, आणि जायचं नाही म्हणून बसायचं. हे जास्त अवघड.

तिचे वडील टेम्पो चालवतात, कामणच्या गोदामांवर. घरची भातशेती आहे. तिला सोडायला आले तेव्हा त्यांनी हॉल बघितला, बाल्कनी बघितली, नळ सोडून बघितला. म्हणाले, "पानी चांगलंय. पन घर एवढं जवळ असताना हितं कशाला ऱ्हायचं, ते काय मला समजलं नाय." मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ती सांगनार नाय. तुमी बघा तिच्याकडं."

दर्शनाच्या हाताला रेघ होती. इंजिनिअरिंगच्या मुलांना ड्रॉइंग नावाचा विषय असतो. मोठ्या कागदावर, टी-पट्टी लावून, एखादी वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, कापली तर आत कशी दिसते हे काढायचं. त्या कागदाला शीट म्हणतात. शीटपायी पोरी रडतात. दर्शना शीट काढायला बसली की रडणं थांबायचं तिचं. तिच्या फ्लॅटमध्ये सानिका नावाची चिपळूणची पोरगी होती, तोंडानं भारी आणि कॉम्प्युटरमध्ये हुशार. भिवंडीची आफरीन होती, ती गणितात पुढं. बाकी तिघींचंही, त्यात एक नाशिकची, काही ना काही चांगलं होतं. मॅडम म्हणायच्या, असा जमलेला फ्लॅट क्वचित मिळतो.

आणि जमलेल्या फ्लॅटनं जे करावं तेच त्यांनी केलं. घरात सहा माणसं असली की कसं, एक भाजी चिरतो, एक कपडे वाळत घालतो. सहाजणांनी सहा वेळा भाजी चिरायची नसते. ह्या पोरींनी अभ्यास तसाच वाटून घेतला. दर्शना सहाजणींसाठी ड्रॉइंग काढणार, आफरीन सहाजणींची गणितं सोडवणार, सानिका सहाजणींचे प्रोग्राम लिहिणार. बाकीच्यांनी मेकॅनिक्स, केमिस्ट्री आणि वर्कशॉपच्या वह्या घेतल्या. मॅडमचा नियम कुठंही मोडला नव्हता. सहाजणी बसल्याशिवाय पुस्तक उघडत नव्हतं. फक्त प्रत्येकीसमोर एकच पुस्तक उघडत होतं.

मी रोज बघत होते आणि मला कौतुक वाटत होतं. दुपारी ऊन बाल्कनीत आलं की पाचजणी काचेच्या दाराला चिकटून उभ्या असायच्या. खाली दर्शनाचं शीट, त्यावर आपला कोरा कागद, मागून उजेड, आणि रेघेवर रेघ. ह्याला मुलांच्या भाषेत जीटी मारणं म्हणतात. मला वाटायचं, हाच ड्रॉइंगचा तास. सेक्रेटरी काकांनी समोरच्या बिल्डिंगमधून बघितलं आणि मला विचारलं, "त्या पोरी रोज काचा पुसतात का हो? आमच्या घरात कोणी पुसत नाही."

मग टेस्ट झाली. टेस्टला काच नसते. सगळ्यांपुढं एक लाकडी ठोकळा ठेवला आणि काढा म्हणाले. पाचीजणी ड्रॉइंगमध्ये आपटल्या. पण त्या बारावीला क्लासला गेलेल्या पोरी, बाकी विषयांत कशाबशा तरल्या. दर्शना कुठल्या क्लासला गेलेली नव्हती. तिला ड्रॉइंगमध्ये पैकीच्या पैकी मिळाले आणि बाकी सगळीकडं ती बुडाली.

मॅडमनी त्या दिवशी सतरंजीवर बसून एकेकीला विचारलं. पोरींनी सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं, आपण शहाण्यासारखं केलं. सानिका तर म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बोललात ना, सहाजणींनी मिळून करा." मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मिळून करा म्हणाले मी. वाटून घ्या नाही म्हणाले." आणि उठून खाली गेल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. नियम त्यांचा होता ना.

रविवारी दर्शनाचे वडील टेम्पो घेऊन आले. ओरडले नाहीत, तेच जड गेलं. हॉलमध्ये उभ्या उभ्या त्यांनी एवढंच विचारलं, "दहावीला माझी पोरगी गावात पहिली व्हती. हितं सहाजनी मिळून ऱ्हातात बोलले, मग माझी एकटीच कशी बुडाली?"

मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला. परीक्षा अजून व्हायची आहे, ही नुसती टेस्ट होती, सुधारता येईल.

"मॅडम, तुमी चांगल्या आहात, त्याबद्दल बोलनं नाय," ते म्हणाले. "पन घरी असती तर मला दिसलं असतं. आता भात झोडायचंय, घरात मानूस कमी हाय. ऱ्हाऊ दे तिला घरी. पुढचं पुढं बघू."

दर्शना गादी गुंडाळत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. घरी जायला मिळावं म्हणून जी पोरगी उशीत तोंड खुपसायची, तिला घरी न्यायला टेम्पो आला होता आणि तिचे हात चालत नव्हते. मी गादीची दोरी बांधायला गेले तर हळूच म्हणाली, "मावशी, घट्ट बांधू नका." मी दोरी सैल बांधली. खाली टेम्पो निघाला तेव्हा मला माझ्या शाळेचं आठवलं, पण ते मी आत दाबलं.

त्या दिवशी चहा झाला, मी सतरंजी घातली. पाचजणी येऊन बसल्या. कुणी पुस्तक उघडेना. मी म्हणलं, "बसा की अभ्यासाला." सानिका म्हणाली, "सहाजणी नाहीत, मावशी." मला वाटलं, पोरी दुःखात आहेत, आजचा दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी असते, तिला ह्या पोरी पीएल म्हणतात. ती लागलेली. बाकी सगळ्या फ्लॅटमध्ये घोकंपट्टी चाललेली आणि ह्या पाचजणी सतरंजीवर हाताची घडी घालून बसलेल्या.

मला घाबरायला झालं. दोन पोरी बुडाल्या तर एक वेळ समजतं, इथं अख्खा फ्लॅट बुडायच्या बेतात. मी मॅडमना बोलावून आणलं.

मॅडम चिडल्या. "हा नियम अभ्यास करण्यासाठी आहे, न करण्यासाठी नाही."

आफरीन फार कमी बोलायची. ती म्हणाली, "मॅडम, ती बुडाली कारण तिची गणितं मी सोडवत होते. मी आता तिच्याशिवाय गणित घेऊन बसले तर ते कसं दिसेल?"

मॅडम खाली बसल्या. मग सानिका म्हणाली, "तिला इथे आणता येत नसेल तर सतरंजी तिकडे न्यायची. नियमात जागेचं काही नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही जाल ह्यांना घेऊन?"

मी हो म्हणलं आणि मग विचार करायला लागले. पाच परक्या पोरी, अनोळखी गाव, आणि त्या घरच्या माणसानं आम्हाला दारातून परत पाठवलं तर काय करायचं. सकाळी आम्ही विरारहून बस धरली. मी सगळा रस्ता पोरी मोजत होते. सानिकाच्या काखेत खरोखर गुंडाळलेली सतरंजी होती. कंडक्टरनं विचारलं, "कोणाचं कीर्तन आहे का?" ती म्हणाली, "गणिताचं आहे, काका. येता का?" कंडक्टर म्हणाला, "नको बाबा, त्यापायीच तर इकडे आलो."

चांदीपला दर्शनाच्या घरापुढं सारवलेलं खळं होतं. भाताचे भारे रचलेले आणि वडील, आई, दर्शना, तिघंही झोडणीला लागलेले. लाकडी फळीवर भारा आपटायचा, दाणे खाली, पेंढा बाजूला. दर्शनाच्या डोक्याला फडकं, अंगावर कोंडा. आम्हाला बघितलं आणि तिच्या हातातला भारा तसाच राहिला.

वडिलांनी कपाळाचा घाम पुसला. "आता ह्या कशाला आल्या?"

मी तोंड उघडायच्या आत आफरीन पुढं झाली. "काका, अभ्यासाला आलोय. दर्शनाशिवाय आम्हाला बसता येत नाही."

"कोन बोललं?"

"नियम आहे."

"तुमचा नियम तुमच्या बिल्डिंगीत. माझ्या खळ्यावर माझा नियम. आदी भात झोडायचं."

सानिकानं सतरंजी खाली ठेवली आणि ओढणी कमरेला बांधली. बाकीच्याही उतरल्या. पुढचं काय सांगावं. नाशिकच्या पोरीनं भारा उचलला तो उलटा. सानिकाचा भारा सुटून निम्मा तिच्याच डोक्यावर आला. दर्शनाची आई सूप घेऊन बसली होती, तिनं बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, भात झोडतेस का डास मारतेस?" मग दर्शना हसली. इमारतीत एवढे महिने होती, तिचं हसणं मी असं मोकळं ऐकलं नव्हतं. मीही पदर खोचला. आमच्याकडं भात नाही, पण ज्वारीची कणसं मी बडवलीत, हात विसरला नव्हता.

दुपारी भात-कालवण झालं आणि आंब्याखाली सतरंजी पडली. सहाजणी बसल्या आणि पुस्तकं उघडली. ह्या वेळी आफरीननं वही दर्शनासमोर ठेवली आणि पेन तिच्याच हातात दिलं. एकेक पायरी तिनं विचारायची, दर्शनानं लिहायची. अडलं की पुसायचं, परत लिहायचं. फार हळू चाललं होतं. सानिकाला राहवेना, तिनं दोनदा उत्तर सांगायला तोंड उघडलं आणि आफरीननं दोनदा तिच्या मांडीवर चापट मारली.

मग ड्रॉइंगची वेळ आली आणि पाळी उलटली. पाचीजणींना डोळ्यांपुढं येईना की तिरकं कापलं तर आत काय दिसतं. दर्शना उठली, घरातून काकडी आणि विळी घेऊन आली. आधी सरळ कापली, गोल चकती. मग तिरकी कापली, लांबट चकती. म्हणाली, "ही बघा. आता हिच्याभोवती पेन्सिल फिरवा. आता डोळे मिटून मला सांगा, अजून तिरकी कापली तर?" पोरी डोळे मिटून सांगायला लागल्या. चुकलं की ती चकती खाऊन टाकायची आणि नवीन कापायची.

वडील भाऱ्यापाशी उभं राहून बघत होते. मला म्हणाले, "ह्या पन नापास हायत?"

"ड्रॉइंगमध्ये पाचीजणी."

"नि हिला ड्रॉइंगमध्ये?"

"पैकीच्या पैकी."

त्यांनी विडी काढली, पेंढा बघितला आणि परत खिशात ठेवली. जरा वेळानं म्हणाले, "ताई, तुमी किती शिकल्या?"

"सातवी."

"पुढं का नाय?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण विचारणारा माणूस साधा होता. म्हणलं, "आई आजारी पडली, तेव्हा वडील म्हणाले, थोडे दिवस घरी राहा. वाईट नव्हते माझे वडील. थोडे दिवसच म्हणाले होते. मी वाट बघत होते की शाळेतून कुणी तरी बोलवायला येईल. बाई येतील, नाही तर मैत्रिणी येतील. कुणी आलं नाही. मग मला वाटलं, माझ्यावाचून काही अडलं नसेल." मग मी सतरंजीकडं हात केला. "तुमच्या मुलीला बोलवायला पाचजणी आल्यात, भाऊ."

ते सतरंजीकडं बघत राहिले. मग टेम्पोपाशी जाऊन त्याचं चाक लाथेनं तपासलं, चाकाला काही झालं नव्हतं. परत आले आणि म्हणाले, "भात आत टाकून व्हऊ दे. परवा सोडतो तिला. पन एक सांगतो ताई, एक जरी विषय ऱ्हायला तर मी घेऊन येनार. मग ह्या पाच आल्या नायतर पन्नास आल्या, ऐकनार नाय."

बोलल्याप्रमाणे त्यांनी आणून सोडली. गादीबरोबर नव्या तांदळाचं पोतंही होतं, ते त्यांनी स्वतः खांद्यावर घेऊन जिन्यानं वर आणलं. परीक्षेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. पोरी अभ्यास करायच्या आणि मी देवाला नुसते हात जोडायचे, काय मागायचं त्या विषयांची नावं मला धड येत नव्हती. बाल्कनीच्या काचेला मात्र परत कुणी शीट लावलं नाही. हळू चाललेलं सगळं, अडत, भांडत. सानिका एकदा म्हणाली, "वाटून घेतलं होतं तेव्हा किती लवकर व्हायचं." ते खरं होतं.

निकाल लागला. दर्शना एक सोडून सगळ्या विषयांत पास झाली. गणित राहिलं. तेही थोडक्यात. नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा, त्याला इथं केटी म्हणतात. केटी लागली म्हणून कुणाचं वर्ष थांबत नाही, पुढं शिकता येतं, हे मॅडमनी मला तीनदा सांगितलं. पण वडिलांचा शब्द मला पाठ होता. एक जरी विषय.

दर्शना फोन करायला तयार होईना. मॅडम म्हणाल्या, मी करते. मी म्हणलं, नको, त्यांनी जबाबदारी माझ्यावर टाकली होती, मीच करते. म्हणलं खरं, आणि खाली जिन्यापाशी जाऊन फोन लावला. तिकडं गोदामावर माल उतरत असावा, मागं मोठा आवाज येत होता.

मी सांगितलं. सगळे सुटले, एक गणित राहिलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक बोललो व्हतो मी."

"हो भाऊ. आठवतंय मला."

"आनि बाकी पाचजनी?"

"चौघी सुटल्या. आफरीनचं ड्रॉइंग राहिलं."

"ती गनितवाली? जी पहिली बोलली माझ्याशी?"

"तीच."

मागं कुणी तरी त्यांना हाक मारली. त्यांनी "थांब रे" म्हणून त्याला गप्प केलं. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"आनि ते पन पुन्ना द्यायचं असतं का? ड्रॉइंग?"

"हो. दोघींची परीक्षा बरोबरच आहे."

"मग ही घरी आली तर त्या पोरीला ड्रॉइंग कोन शिकवनार?"

मी म्हणलं, "तिला तशी दर्शनाचीच सवय झालीय."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्या पोरीची केटी सुटेपर्यंत ऱ्हाऊ दे हिला तिथंच. आपल्या खळ्यावर राबून गेलीय ती." आणि फोन ठेवला.

मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. सहाजणी सतरंजीवर बसल्या होत्या, पुस्तकं बंद. दर्शनानं गादी गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवली होती. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणलं, "आफरीन, तुझी केटी सोडवायचं काम दर्शनावर आलंय. तिच्या वडिलांनी सांगितलंय."

आधी कुणालाच कळलं नाही. मग आफरीन उठली आणि गादीची दोरी सोडायला लागली.